फेरफाराचा अधिकार

वस्तु ज्यानें घडविली त्याचा हेतु ती वापरणाऱ्यास कोठपर्यंत बांधून ठेवूं शकतो, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत क्वचितच आढळतो. मनुष्यानें मनुष्याशीं कसें वागावें ह्याचा विचार ग्रंथकारांनीं पुष्कळ केला. मनुष्यानें यंत्राशीं कसें वागावें हा प्रश्न त्यांस क्षुल्लक वाटला असावा. आम्हांसहि तो तसाच वाटत असे. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटींत धरमतरच्या खाडीकाठीं आमच्या बहिणीच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला, आणि तेव्हांपासून हा प्रश्न आमच्या मनांतून जाईना. तो वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

एके काळीं मुंबईहून आगबोटीनें येऊन पेण-अलिबागकडे जाणाऱ्या उतारूंस धरमतरचा धक्का चांगला ठाऊक होता. आतां त्या खाडींत उतारूंच्या ऐवजीं डोलवीच्या पोलाद कारखान्याचे कोळसा व खनिज वाहणारे बार्ज दिसतात. काठचा मुलूख मात्र अजून खारेपाटच आहे. मातीचे बांध घालून समुद्राचें पाणी अडवावें आणि आंतल्या जमिनींत पावसाच्या पाण्यावर भात पिकवावें, अशी तेथील शेतीची रीति. आमचे मेहुणे ह्या शेतींत जन्मभर राबले. त्यांचा मुलगा मुंबईस नोकरी करतो व फावल्या वेळांत चार मित्रांच्या मेळ्यांत बेस गिटार वाजवितो. हें वाद्य गाण्याच्या तळाशीं राहतें. तें चालूं असतां श्रोत्यांचें त्याकडे लक्ष जात नाहीं. थांबलें म्हणजे मात्र गाण्याखालची जमीन कोणी काढून घेतली असें वाटतें.

ह्या भाच्यानें सुटींत येतांना एक वाह-वाह पेडल आणलें होतें. नांव ऐकून तें आपल्या 'वाहवा'वरून आलें असावें असें आम्हांस वाटलें. पण तें केवळ ध्वनीचें अनुकरण आहे. तुतारीच्या जातीचें ट्रम्पेट वाजविणारे वादक वाद्याच्या तोंडाशीं बूच धरून तें मागें-पुढें करीत व स्वर बोलल्यासारखा काढीत. तोच परिणाम विजेच्या साहाय्यानें साधणारें हें यंत्र. पायाखालची पट्टी दाबावी तसा स्वराच्या एका विशिष्ट भागास उठाव मिळतो, आणि तो उठाव खालून वर सरकत जातो. मनुष्य 'ऊ' म्हणतां म्हणतां तोंड उघडून 'आ' म्हणूं लागला म्हणजे जें होतें, तेंच येथें होतें.

अडचण होती ती अशी. साध्या गिटारची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारें ८२ वेळां कांपते, बेस गिटारची सुमारें ४१ वेळां. पेडलचा उठाव ह्या दोहोंच्याहि बराच वर, सेकंदास कांहीं शें कंपनांच्या घरांत सुरू होतो. गिटारवाल्याचें त्यांत फारसें बिघडत नाहीं, कारण गाण्याचा तळ दुसरा कोणी सांभाळीत असतो. पण तळ सांभाळणाऱ्यानेंच हें पेडल पायाखालीं घेतलें कीं स्वराचा वरचा फेंस तेवढा उरतो आणि खालचें पाणी नाहींसें होतें.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं ओटीवर बसून भाच्यानें पेडलचे स्क्रू काढले. मेहुणे म्हणाले, "नवी वस्तु, इतके पैसे मोजून आणलेली, ती कशाला उसकटतोस?" आम्हीं त्यांची बाजू घेतली. ज्यांनीं हें यंत्र रचिलें त्यांचें त्या विषयांतील ज्ञान तुझ्याहून अधिक असणार, त्यांच्या योजनेवर विश्वास ठेवणें हा विनयाचा एक प्रकार आहे, असें आम्हीं त्यास वर्गांत बोलावें तशा आवाजांत सांगितलें. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, ज्यानें हें केलें त्यानें गिटारसाठीं केलें. माझी तार त्याच्या मनांतच नव्हती."

ह्या उत्तरावर आम्हांस कांहीं सुचलें नाहीं, म्हणून आम्ही नुसते पाहत बसलों. उठाव कोठें पडावा हें ज्या भागांवर ठरतें त्यांत एक कपॅसिटर असतो, विजेचा भार सांठवून ठेवणारा इवलासा तुकडा. तो ०.०१ मायक्रोफॅरडचा होता. तो मोठा केला कीं उठाव खालीं येतो. परंतु चौपट मोठा करावा तेव्हां उठाव निम्म्यावर येतो, असें त्यांतलें गणित आहे. भाच्यानें निरनिराळ्या मापांचे तीन तुकडे आळीपाळीनें डाखून पाहिले. फार मोठा घातला तेव्हां आवाज पडसें झालेल्या मनुष्यासारखा आला. मधला त्यास पटला. एवढ्यानें उठाव खालीं आला, तरी तळ पुरता परत येईना. तेव्हां त्यानें दुसरा उपाय केला. तारेच्या मूळ आवाजाचा कांहीं अंश पेडलच्या करामतींतून न नेतां बाहेरच्या बाहेर पुढें सोडला आणि शेवटीं दोन्ही प्रवाह एकत्र केले. पहिल्या खेपेस आवाज पूर्वींहून बारीक झाला! दोन्ही लाटा एकमेकींच्या उलट पडल्या होत्या व एकमेकींस खात होत्या. त्यानें एक प्रवाह उलटा केला. संध्याकाळीं त्यानें वाजवून दाखविलें तेव्हां पेडल बोलत होतें आणि ओटीवरच्या तांब्याच्या कळशींतलें पाणीहि थरथरत होतें.

मेहुणे म्हणाले, "म्हणजे उघाडीचा उंबरा खालीं घेतलास."

उघाडी म्हणजे बांधांतील पाण्याचा दरवाजा. ओहोटीस आंतलें पाणी त्याला बाहेर लोटून निघून जातें. भरतीस खाडीचें पाणी त्याला आंत दाबून बंद करतें. ह्या दरवाजाचा उंबरा उंच राहिला तर वरवरचें पाणी वाहून जातें आणि सखल शेतांतलें तसेंच सांचून राहतें. तेथील भात कुजतें, आणि उंच शेतवाल्यास त्याचा पत्ताहि नसतो. मेहुण्यांच्या ह्या एका वाक्यानें आमचा विनयाचा सिद्धान्त कोसळला. घडविणाऱ्याचा हेतु कितीहि शुद्ध असला, तरी त्याच्या नजरेच्या टप्प्यांत जें नव्हतें त्याची सोय त्याच्या योजनेंत कशी असणार?

शिवाय ज्या योजनेस आम्ही पवित्र मानीत होतों ती तरी कोठून आली? हें पेडल जन्मलें तेंच फेरफारांतून. १९६६ मध्यें कॅलिफोर्नियांतील थॉमस ऑर्गन कंपनींत ब्रॅड प्लंकेट हे अभियंते व्हॉक्स ध्वनिवर्धकाच्या एका बटणांत बदल करीत होते. त्यांनीं ऑर्गनच्या आवाजाचें पायपेडल त्या मंडलास जोडलें आणि हा ध्वनि हातीं आला. आरंभीं कंपनीनें त्याला क्लाइड मॅकॉय ह्या ट्रम्पेटवादकाचें नांव दिलें, आणि पुढें तें गिटारवाल्यांनीं आपलेंसें केलें. आमच्या घरची पेटी घ्या. परदेशांतून आलेल्या पायपेटीची हातपेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं केली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व क्लेमंट्स साहेब यांनीं १९१० च्या सुमारास तिच्यांत बावीस श्रुति बसविण्याचा उद्योग आरंभिला. १९४० मध्यें रेडिओनें पेटीस दार बंद केलें, तें १९७१ मध्यें उघडलें. मधल्या काळांत महाराष्ट्रांतील भजनी मंडळांत ती वाजतच राहिली. आणि भजनांतला पखवाज तर ह्या विषयांत सर्वांचा गुरु आहे. त्याच्या डाव्या तोंडावर वादक ओली कणीक थापतो, तिच्या वजनानें नाद खर्जांत उतरतो. अधिक झाली तर बोटानें काढतो, कमी पडली तर चिमूटभर लावतो, आणि भजन संपल्यावर खरवडून टाकतो. खर्जासाठीं वाद्यांत फेरफार करणें ही आमच्या देवळांत नित्य चालणारी गोष्ट आहे, आणि आम्ही ती पन्नास वर्षें पाहूनहि पाहिली नव्हती.

येथेंच हा लेख संपवितां आला असता. परंतु त्याच रात्रीं मेहुण्यांनीं दुसरी बाजू सांगितली, आणि ती पहिलीइतकीच खरी आहे. त्यांच्या लहानपणीं एका शेतकऱ्यानें आपल्या शेतांतलें पाणी लवकर जावें म्हणून उघाडीचा दरवाजा रात्रीं खुंटी मारून उघडा ठेवला. उधाणाची भरती आली. सकाळीं सगळ्यांच्या शेतांत खारें पाणी होतें, आणि पुढचे दोन पावसाळे त्या जमिनींनीं धड पीक दिलें नाहीं. खारेपाटांत एका बांधाच्या आंतल्या शेतकऱ्यांच्या समूहास जोळ म्हणतात. बांधास खांड पडली कीं जोळांतल्या प्रत्येकानें मातीला जावें असा दंडक होता. १९४८ च्या खारजमिनीच्या कायद्यानंतर बांधांचा कारभार सरकारकडे जात गेला व तो दंडक सैल पडला, असें ते म्हणाले. "पेडल बिघडलें असतें तर ह्याचें एकट्याचें गाणें बिघडलें असतें. उघाडीला एकट्यानें हात लावायचा नसतो."

आम्हांस वाटतें, ह्या दोन वाक्यांच्या मध्यें प्रश्नाचें उत्तर आहे. फेरफार करावा कीं नाहीं हें घडविणाऱ्याच्या हेतूवरून ठरत नाहीं. फेरफार फसला तर खारें पाणी कोणाच्या शेतांत शिरेल ह्यावरून ठरतें. तें आपल्याच शेतांत शिरणार असेल तर मनुष्यानें निर्भयपणें स्क्रू काढावे. तें दुसऱ्याच्या शेतांत जाणार असेल तर आधीं त्यास विचारावें, आणि बांधावर त्याच्याबरोबर उभें राहावें. मात्र ह्या दुसऱ्या नियमाचा आडोसा करून उंबरा कायमचा उंच ठेवणें हाहि अपराधच आहे. सखल शेतांत रोज पाणी सांचत असतें, आणि त्याचा आवाज होत नाहीं.

हें लिहितांना आमच्याच वर्गांतला एक मुलगा डोळ्यांपुढें येतो. पुष्कळ वर्षें झालीं. तो असल्याच एका खाडीकाठच्या गांवाहून आला होता, मागच्या बांकावर बसे. विषय त्यास समजत असे, पण आमचें इंग्रजी व्याख्यान त्याच्या डोक्यावरून जाई. घटकाभर मराठींत समजावून सांगाल का, असें त्यानें एकदां येऊन विचारिलें. वर्गाची रीति ठरलेली आहे, ती एकासाठीं मोडतां येत नाहीं, असें आम्हीं उत्तर दिलें. तो पुढच्या सत्रांत आला नाहीं. त्या वेळीं आम्हांस वाटलें कीं आपण नियमाचा मान राखिला. वस्तुतः तेथें कोणाच्याहि शेतांत खारें पाणी शिरणार नव्हतें. आमची घटकाभर विश्रांति काय ती बुडाली असती. जी योजना आम्ही पुढें केली तिच्या कर्त्यांच्या मनांत तो मुलगा कधींच नव्हता, आणि हें पाहण्याचें काम योजनेचें नसून आमचें होतें.

निघण्याच्या दिवशीं भाचा पेडल बंद करीत होता. काढलेला मूळ कपॅसिटर त्यानें कागदाच्या पुडींत घालून, वर त्याचें माप व तो कोठला तें लिहून, डब्याच्या आंतच चिकटवून ठेवला. कारण विचारतां म्हणाला, "उद्यां हें दुसऱ्या कोणाकडे गेलें तर त्याला पूर्वींसारखें करून घेतां यावें." ज्याची तार आज त्याच्या मनांत नाहीं अशा मनुष्यासाठीं त्यानें ती पुडी ठेविली होती. आम्हीं त्या मागच्या बांकावरच्या मुलासाठीं एवढेंहि केलें नव्हतें.