नव्या ढोलाचं जुनं वय

दिवेआगरला आमच्या वाडीत, सुपारीच्या सावलीत लॅपटॉप उघडून बसलो होतो. शिमग्यात खालूबाजातल्या एका ढोलवाल्याला बाजूला घेऊन फोनवर रेकॉर्डिंग केलं होतं. आवाज एकदम कोरडा. मला त्याला ऐंशीच्या दशकातल्या ड्रमसारखा करायचा होता : भरून येणारा आणि दार आपटावं तसा तुटणारा.

हा आवाज १९७९ साली लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत सापडला. पीटर गॅब्रिएलच्या अल्बमसाठी फिल कॉलिन्स ड्रम वाजवत होता. वादकांचं बोलणं काचेपलीकडे ऐकू यावं म्हणून टांगलेला माइक चुकून चालू राहिला. कुजबुज आणि ओरडणं एकाच पातळीवर आणणारा कडक कॉम्प्रेसर त्या माइकला जोडलेला, त्यामुळे ड्रम अक्राळविक्राळ झाला. इंजिनिअर ह्यू पॅडगमने पुढे नॉइज गेट लावून त्याची शेपटी छाटली. १९८१च्या 'इन द एअर टुनाइट'मुळे तो जगभर पोचला.

आज हे दहा मिनिटांचं काम. आधी रिव्हर्ब, मग कॉम्प्रेसर, शेवटी गेट, होल्ड दोनेकशे मिलिसेकंद. पण गंमत बघा, कुठल्याही खऱ्या खोलीत घुमणारा आवाज असा मध्येच मरत नाही. म्हणजे मूळ आवाजच बनावट होता. बनावटीची नक्कल करण्यात कसली फसवणूक? इथवर माझं मन साफ होतं.

मग मी टेपची खरखर घातली. वरच्या पट्ट्या कापल्या, गती किंचित डगमगती केली. आणि क्लिप टाकताना वर लिहिलं, 'जुन्या कॅसेटमधला खालूबाजा'. सहज. खाली कुणीतरी लिहिलं, माझे आजोबा असंच वाजवायचे, ऐकून रडू आलं.

आता काय करायचं?

आमच्या गावाला हा प्रश्न नवा नाही. १९९७मध्ये एका वाडीत जमिनीतून सोन्याचा गणपतीचा मुखवटा निघाला. मार्च २०१२मध्ये दरोडा पडला, दोन पहारेकरी मारले गेले आणि चोरांनी मुखवटा वितळवला. पुढे सोनं मिळालं. चेहरा कुठून मिळणार? त्या सोन्यातून नवा घडवून नोव्हेंबर २०२१मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. लोक हात जोडतात. पण तो जमिनीतून निघालेला आहे असं कुणी सांगत नाही. पहारेकऱ्यांची गोष्टही त्याच्यासोबतच सांगितली जाते.

माझ्याकडे उलट झालं. आवाज उसना घेतला याचं मला काही वाटत नाही, तो उद्याही घेईन. पण खरखर हा नुसता आवाज नाही, ती तारीख आहे. न झालेल्या दिवसाची तारीख मी टाकली आणि ती खरी वाटावी म्हणून हाताने जिवंत वाजवणाऱ्या माणसाला गायब केलं. 'जुन्या कॅसेट'मधल्या वादकाचं नाव कोण विचारतो? तो तर दोन गावं पलीकडे राहतो, पुढच्या शिमग्यातही वाजवणार आहे.

काल ओळ बदलली : 'याच वर्षीचा ढोल, लॅपटॉपवर जुना केलेला.' वादकाचं नाव घातलेलं नाही, आधी त्याला विचारायला हवं. आजोबांच्या आठवणीने रडलेल्या माणसाने बदललेली ओळ वाचली का, माहीत नाही. त्याची कमेंट मी काढलेली नाही. रविवारी सायकल काढून ढोलवाल्याकडे जाणार आहे. क्लिप त्याला खरखरीसकट ऐकवायची की कोरडी, हे अजून ठरत नाही.