पागोळीच्या मागोमाग

पायरीवर बसा. पाठ भिंतीला टेका. अलोरे गावात आषाढाचा पाऊस लागला आहे. घाई त्याला आहे, तुम्हाला नाही. एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

पागोळ्यांचा आवाज ऐका. त्यातला एक थेंब निवडा आणि मनानं त्याच्या मागोमाग चला.

कौलावरून तो जवळजवळ स्वच्छ उतरला. अंगण ओलांडून डांबरी रस्त्यावर आला आणि तिथं त्याला आपण भेटलो: गाडीखाली ठिबकलेलं तेल, टायरची काळी पूड, ब्रेकमधून झिजलेल्या धातूची भुकटी. उन्हाळाभर साचलेलं बरंचसं मृगाच्या पहिल्या सरींनी नेलं. रोजचं मात्र रोज साचतंच आहे. थेंबाला दोष देऊ नका. नुसतं पाहा.

गटारातून पऱ्याला, पऱ्यातून वाशिष्ठीला, चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला. सिमेंटच्या गुळगुळीत गटारात त्याला कुणी थोपवत नाही.

इथं थोडं थांबा.

पाण्याचा वेग या गावाला नवा नाही. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, कोळकेवाडीच्या धरणात विसावतं, पुन्हा अलोऱ्याकडे झेपावतं आणि कोयना वीजप्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याची ३२० मेगावॅटची जनित्रं फिरवतं. विजेसाठी पाण्यानं पडावं लागतं. निवळण्यासाठी त्यानं टेकावं लागतं.

आता मनातल्या मनात गटाराच्या तोंडाशी एक उथळ खळगा खणा. तळाला खडी, त्यावर वाळू, त्यावर भुसभुशीत माती. वाळा लावा, कर्दळ लावा. थेंबाला आत येऊ द्या.

त्याचा वेग मोडतो. बारीक गाळ खाली बसतो, गाळाला चिकटलेले धातूही बसतात. तेल मातीतले सूक्ष्म जीव हळूहळू खातात. मुळं मातीत वाट मोकळी ठेवतात. तळातून पाणी पाझरू लागतं, थेंबाथेंबानं.

पुन्हा श्वास घ्या. स्वतःला विचारा, घाण कुठं गेली?

धातू कुणी खात नाही. ते त्या खळग्यातच आहेत. वैशाखात कुणीतरी वाकून वरचा थर खरवडतं, परसबागेपासून दूर नेऊन ठेवतं, तेव्हा खळगा पुढच्या पावसाला तयार होतो. तो हात कुणाचा, यावर थोडा वेळ मन ठेवा.

डोळे उघडा. दारातल्या गाडीखाली पाहा. पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग आहे. तो अजून गटारापर्यंत पोचलेला नाही.