औषध की अवजार?

शिंदखेड्यात ओळखीच्या एका मेडिकलवाल्याने परवा मोबाईल माझ्यापुढे धरला. सर्पगंधेने कॅन्सर बरा होतो, असा मजकूर. वर म्हणाला, 'आपलंच औषध शे भाऊ, पळवलं गोऱ्यांनी!' असले निरोप मी एरवी वाचतही नाही. हा मात्र डोक्यात राहिला, कारण त्यातला एक धागा खरा आहे. तो उलगडायचा तर कॅन्सरच्या पेशीपासून सुरुवात करायला हवी.

कॅन्सरच्या पेशी अधाशासारखी साखर खातात आणि लॅक्टेट बाहेर टाकतात, हे शास्त्रज्ञ वॉरबुर्गपासून सगळे सांगत आले. ते लॅक्टेट बाहेर जातं कसं, हे कुणी फारसं विचारत नाही. पेशीच्या आवरणात त्याची ने-आण करणारी प्रथिनं असतात; त्यांतली महत्त्वाची दोन, एमसीटी-१ आणि एमसीटी-४. ती अडवली की लॅक्टेट आत तुंबतं आणि साखर फोडायला लागणारं एनएडी पुन्हा तयार होईनासं होतं. एझेडडी-३९६५ हा रेणू एमसीटी-१ अडवतो, एमसीटी-४ ला हात लावत नाही. ज्या पेशींत एमसीटी-४ भरपूर, त्या निसटतात. औषध म्हणून हा दोष. पण कोणती गाठ कशाच्या जोरावर जगते हे त्यामुळेच कळतं, म्हणून अवजार म्हणून तो उत्तम. औषधाने रोगी बरा करावा, अवजाराने प्रश्न सोडवावा. हा फरक मी भेटेल त्याला ऐकवत असतो.

मेडिकलवाल्याने तो उडवून लावला. 'रोगी वाचत नसेल तर उत्तर काय चाटायचंय?' मग त्याला सिरोसिंगोपिन या रेणूची हकिकत सांगणं आलं. मुंबईच्या केईएममधल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण मांडला. तिची मुळी तर वैद्य पिढ्यान्‌पिढ्या देत होते. वकिलांनी रुग्णांचा दाब मोजून लिहून ठेवला. आपल्याला मुळीचा अभिमान फार, त्या नोंदवहीचा नाही, आणि 'आपलं' म्हणायचंच तर मी आधी ती वही म्हणेन. असो. १९५२ मध्ये बाझेलच्या सीबा कंपनीत मुळीतून रिसर्पिन निघालं. त्यात फेरफार करून सिरोसिंगोपिन बनलं, तेही रक्तदाबासाठीच, आणि पुढे मागे पडलं. २०१६ मध्ये बाझेलमध्येच मायकेल हॉल यांच्या प्रयोगशाळेला दिसलं की मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या औषधाच्या जोडीने ते कॅन्सरपेशी मारतं. २०१८ मध्ये कारणही उलगडलं: ते एमसीटी-१ आणि एमसीटी-४ दोन्ही अडवतं, मेटफॉर्मिन मायटोकॉन्ड्रियाचं काम रोखतं, आणि एनएडी परत मिळवायला पेशीपाशी मार्गच उरत नाही. हे सारं पेशींत आणि उंदरांत.

सांगता सांगता माझाच आवडता फरक सैल झाला. रक्तदाबाचं औषध अवजार होऊन बसलं. मग अवजाराचं उद्या औषध होणार नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू? फरक रेणूत नाहीच, आपण त्याच्याकडून काय काम घेतो त्यात आहे. तेवढ्यापुरता मेडिकलवाला जिंकला.

त्याचा निरोप मात्र खोटाच. सिरोसिंगोपिन मुळीत नसतं, ते प्रयोगशाळेत बनवावं लागतं. तेव्हा घरात कुणाला डायबेटिसची गोळी चालू असेल, तर तिच्या जोडीला सर्पगंधा उगाळून देऊ नका. ती रक्तदाब खाली आणते; कॅन्सर नाही.