कलावंताचे परिसरऋण : काळ्या घोड्याच्या निमित्ताने

मराठी समीक्षेत कलावंताच्या नैतिकतेची चर्चा बहुधा दोन टोकांच्या दरम्यान होत आली आहे. एका टोकाला कलाकृतीची स्वायत्तता आणि दुसऱ्या टोकाला कलावंताची समाजाशी असलेली बांधिलकी. फडके-खांडेकर वादात हा प्रश्न ढोबळ रूपात मांडला गेला. मर्ढेकरांच्या लयविचाराने पहिल्या टोकाला तात्त्विक बळ दिले, तर मार्क्सवादी आणि दलित समीक्षेने दुसऱ्या टोकाला नैतिक बळ दिले. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) अलौकिकतावाद आणि लौकिकतावाद या दोन ध्रुवांचे विवेचन करून आपली कलाविषयक भाषा या दोहोंमध्ये कशी ताणली गेलेली असते हे दाखवले. या सगळ्या चर्चेतून एक गोष्ट मात्र सहसा निसटते. कलाकृती आणि समाज यांच्यामध्ये काही अत्यंत ठोस वस्तू असतात : चित्र टांगायची भिंत, दालनाचे भाडे, निवड करणारी समिती, उद्घाटनाचे निमंत्रण, महोत्सवातला मांडव, चहा घेत वाद घालता येईल असे टेबल. या साऱ्यांचा मिळून कलेचा परिसर बनतो. बांधिलकीच्या विचारात ‘समाज’ ही संकल्पना इतकी व्यापक असते, की हा परिसर तिच्यात विरून जातो. स्वायत्ततेच्या विचारात त्याला बाह्य उपाधी मानून वगळले जाते. देशीवादाने भूमीचा विचार केला हे खरे. पण शहरातल्या चार रस्त्यांत सामावणारा कलापरिसर त्या अर्थाने ‘देश’ नव्हे. त्याला परंपरा असते, परंतु ती वंशपरंपरेने मिळत नाही. दरवेळी कोणाला तरी ती राबून टिकवावी लागते.

कलावंताचे अशा परिसराशी असलेले नाते नैतिक स्वरूपाचे असते काय, आणि असल्यास ते कोणते, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न होय. त्यासाठी मुंबईच्या काळा घोडा परिसराइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

या परिसराचे नावच मुळी एका अनुपस्थितीवर उभे आहे. प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राचा, अश्वारूढ पुतळा १८७९ साली येथे बसवण्यात आला. पुतळ्याचा शिल्पकार जोसेफ एडगर बोम, आणि देणगी आल्बर्ट ससून यांची. लोकांनी स्वाराला नाव न देता घोड्याला दिले. १९६५ मध्ये पुतळा येथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला, तरी नाव राहिले. २०१७ मध्ये नवा घोडा बसला तो स्वाराविना. सत्ताधाऱ्याच्या स्मारकाचे लोकांनी जे केले, ते या परिसराच्या स्वभावाचे द्योतक मानता येईल. जागा देणारा एक असतो, तिला अर्थ देणारे दुसरेच असतात. ऋणाचा विचार करताना हा भेद महत्त्वाचा ठरतो.

कलापरिसरात गुंतणे म्हणजे कलावंताचे पतन, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. खरा कलावंत एकांतात काम करतो. दालने, उद्घाटने, महोत्सव या गोष्टी व्यवहाराच्या आणि म्हणून दुय्यम, अशी ही धारणा. तिच्यात तथ्याचा अंश आहे. ज्याचा सगळा वेळ समित्यांत आणि समारंभांत जातो त्याची निर्मिती आटते, हे अनेकदा दिसते. परंतु या धारणेला नैतिक श्रेष्ठत्व देण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. एकांतात रंगवलेले चित्र शेवटी कोठे लावले जाते? प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे १९४९ मधले प्रदर्शन हे आधुनिक भारतीय कलेतील बंडाचे एक ठळक उदाहरण. प्रस्थापित अकादमिक अभिरुचीविरुद्धचे ते बंड होते. पण ते प्रदर्शन भरले रॅम्पार्ट रोवरील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात, म्हणजे १८८८ पासून त्या प्रस्थापित अभिरुचीची जोपासना करत आलेल्या संस्थेच्या जागेत. यात त्या चित्रकारांची विसंगती शोधणे उथळपणाचे होईल. बंडालाही भिंत लागते, आणि ती बहुधा बंड करणाऱ्याने बांधलेली नसते, एवढाच याचा अर्थ.

जहांगीर कलादालनाबाबत हे अधिक स्पष्ट होते. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभारलेली, दुर्गा बाजपेयी यांनी आराखडा केलेली ही वास्तू १९५२ मध्ये खुली झाली. येथली दालने चित्रकारांना आठवड्याच्या हिशेबाने भाड्याने मिळतात आणि त्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. दालन मिळवण्याइतका धीर वा पैसा ज्यांच्याजवळ नाही, असे अनेक चित्रकार बाहेरच्या पदपथावर आपली चित्रे मांडत आले आहेत. आतला आठवडा आणि बाहेरचा पदपथ यांतले अंतर काही पावलांचे. या दोहोंमध्ये उभे राहून ‘आपला या व्यवस्थेशी संबंध नाही’ असे म्हणणारा कलावंत वस्तुतः एवढेच सांगत असतो, की व्यवस्थेचा भार दुसऱ्या कोणी तरी उचललेला आहे. अलिप्तता हे मूल्य असू शकते. परंतु ती ज्या श्रमांवर उभी असते ते श्रम नाकारण्याचा अधिकार तिला पोहोचत नाही.

हे श्रम कोणाचे, याचे एक उत्तर पिलू पोचखानवाला यांच्या आयुष्यात मिळते. १९२३ मध्ये जन्मलेल्या पोचखानवाला जाहिरातीच्या क्षेत्रातून शिल्पकलेकडे वळल्या. रूढ कलाशिक्षण नसताना त्यांनी भंगार धातूचे तुकडे जोडून स्वतःची शिल्पभाषा घडवली. पण साठच्या दशकात मुंबईत भरणाऱ्या कलामहोत्सवाच्या संयोजनाचे कामही त्या करत होत्या. आणि १९११ साली बांधलेल्या, कधी काळी सभा आणि मैफली गाजवलेल्या सर कावसजी जहांगीर सभागृहाचे आधुनिक कलेच्या संग्रहालयात रूपांतर व्हावे यासाठी त्यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. केकू गांधी यांच्यासारखे कलादालनचालकही या प्रयत्नात होते. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा तेथे सुरू झाली १९९६ मध्ये. पोचखानवाला यांचे निधन त्यापूर्वी दहा वर्षे, १९८६ मध्ये झाले होते.

त्यांनी हे काम केले नसते तर आणखी शिल्पे झाली असती काय? असती कदाचित. पण हा हिशेब मांडताना आपण निर्मितीची व्याख्या फार संकुचित करतो. इतरांच्या कलाकृतीला अवकाश मिळावा म्हणून केलेले काम स्वतःच्या कलाकृतीची जागा घेऊ शकत नाही हे मान्य. तरीही त्याला कलाबाह्य ‘समाजसेवा’ म्हणणे चुकीचे आहे, कारण कला काय आहे याच्या जाणिवेतूनच ते शक्य झालेले असते. आपल्या परंपरेत ऋषिऋण ही कल्पना आहे. ज्यांच्याकडून विद्या आली त्यांना ती परत करता येत नाही. अध्ययन करून ती पुढच्यांना द्यावी लागते. परिसरऋणाचे स्वरूपही असेच. ज्याने भिंत दिली त्याला भिंत परत देता येत नाही. पुढच्या कोणासाठी तरी भिंत मिळवावी लागते. जिचा लाभ स्वतःला होणार नाही अशा वास्तूसाठी एका शिल्पकाराने झिजावे, ही या ऋणाची शुद्ध फेड म्हटली पाहिजे.

येथवरचे विवेचन सहभागाच्या बाजूने झुकलेले आहे. मात्र सहभाग हे आपोआप मूल्य होत नाही. काळा घोडा असोसिएशन १९९८ मध्ये स्थापन झाली आणि १९९९ पासून फेब्रुवारीत भरणारा कलामहोत्सव सुरू झाला. नऊ दिवस रस्ता वाहनांपासून मुक्त होतो. चित्र, नृत्य, नाट्य, साहित्य यांचे कार्यक्रम विनामूल्य पाहता येतात. एरवी ज्यांनी कलादालनाची पायरी चढली नसती असे हजारो लोक येथे येतात. परिसरातील वारसावास्तूंची जपणूक हाही या उपक्रमाचा हेतू. या गोष्टींचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. कलादालनातल्या शांततेत सामान्य माणसाला वाटणारे दडपण महोत्सव दूर करतो, हे लोकशाहीच्या दृष्टीने मोठेच काम आहे.

प्रश्न निर्माण होतो तो वेगळ्या पातळीवर. महोत्सवाला गर्दी लागते, गर्दीला क्षणात पटणारी वस्तू लागते, आणि खर्चासाठी प्रायोजक लागतो. या तिहेरी मागणीत कलाकृतीचे रूप नकळत बदलू लागते. रस्त्यावरची मांडणी पाहण्यासाठी थांबण्याऐवजी तिच्यासमोर छायाचित्र काढण्यासाठी थांबणे सुरू होते. कलावंताला आवाहन केले जाते ते परिसराच्या नावाने, शहराच्या नावाने. पण त्याच्याकडून अपेक्षित असते ती शोभा. माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, हा कांटचा नैतिक दंडक येथे लागू पडतो. ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. महोत्सवाने कलावंताचा उपयोग करून घेण्यात गैर काही नाही. कलावंतही महोत्सवाचा उपयोग करून घेतच असतो. ज्या क्षणी कलावंताला परिसराविषयी काही म्हणायचे असते आणि ते ऐकण्याची सोय कार्यक्रमपत्रिकेत नसते, त्या क्षणी तो केवळ साधन झालेला असतो.

सहभाग आणि अलिप्तता यांपलीकडची एक शक्यता अरुण कोलटकरांनी दाखवली. जे. जे.मध्ये शिकलेला, जाहिरातक्षेत्रात नाव मिळवलेला हा कवी-चित्रकार वर्षानुवर्षे ‘वेसाइड इन’ या उपाहारगृहात बसून समोरचा चौक पाहत राहिला. त्यातून ‘काळा घोडा पोएम्स’ हा इंग्रजी संग्रह २००४ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. या कवितांत परिसराच्या केंद्रस्थानी कलादालने नाहीत. तेथे कुत्रा आहे, कावळे आहेत, झाडूवाल्या बाया आहेत, सकाळची इडली खाणारी पदपथावरची माणसे आहेत. कलापरिसर म्हणून नकाशावर नोंदल्या गेलेल्या जागेत जी माणसे कलेची नव्हे तर केवळ जागेची रहिवासी आहेत, त्यांना कवीने परिसराचे खरे मालक ठरवले. त्यासाठी त्यांनी कोणत्याही समितीत काम केले नाही. केवळ पाहिले, आणि पाहणे सोडले नाही.

अर्थात, ही साक्षीभावाची भूमिकाही निराधार नव्हती. तिला खिडकीजवळचे टेबल लागले, आणि रोज येणाऱ्याला तासन्‌तास बसू देणारे उपाहारगृह लागले. ते उपाहारगृह पुढे बंद पडले. जहांगीरमधले १९६४ पासूनचे ‘समोवार’, जेथे चित्रकारांच्या पिढ्या बसल्या, तेही २०१५ मध्ये बंद झाले. ज्या जागांना कोणी कलासंस्था म्हटले नाही त्यांनी कलेसाठी केलेले काम त्या गेल्यावरच ध्यानात येते. म्हणजे साक्षीदारही ऋणकोच. फरक इतकाच, की कोलटकरांनी धनको कोण याचे वेगळे उत्तर दिले. देणगीदार नव्हे, संयोजक नव्हे. ज्यांना कधीच निमंत्रण जात नाही ती माणसे.

ऋण कोणाचे, हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही, हे ८ फेब्रुवारी २०१९ रोजी दिसून आले. प्रसंग प्रभाकर बरवे यांच्या चित्रांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाच्या उद्घाटनाचा, आणि स्थळ पोचखानवालांच्या प्रयत्नांतून घडलेले तेच संग्रहालय. बरवे हे अंतर्मुख चित्रकार. ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) लिहून त्यांनी मराठीत निर्मितिप्रक्रियेच्या चिंतनाची मोलाची भर घातली. वक्त्यांपैकी एक होते अमोल पालेकर, स्वतः जे. जे.मध्ये चित्रकला शिकलेले. स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या संपुष्टात येऊन प्रदर्शनांचे निर्णय दिल्लीत होऊ लागण्याविषयी ते बोलू लागताच त्यांना संयोजकांकडून थांबवण्यात आले. प्रसंग बरव्यांचा आहे, तेव्हा बरव्यांविषयीच बोलावे, असे त्यांना सुचवण्यात आले.

संयोजकांची बाजू अगदीच टाकाऊ नाही. दिवंगत कलावंताच्या गौरवाच्या वेळी इतर वाद आणू नयेत, हा औचित्याचा मुद्दा आहे. परंतु क्षेमेंद्राने ज्या औचित्याची चर्चा केली ते अंगाचे समग्राशी असलेले नाते होते. समारंभाची शिस्त नव्हे. ज्या भिंतींवर बरव्यांची चित्रे लागली होती, त्या भिंतींवर यापुढे कोणाची चित्रे लागणार आणि ते कोण ठरवणार, हा प्रश्न बरव्यांच्या प्रदर्शनाशी असंबद्ध कसा? एकांतप्रिय चित्रकाराचे चित्रही ज्या सामूहिक प्रयत्नामुळे दिसते, त्या प्रयत्नाचे भवितव्य हा त्या चित्राच्या समग्राचाच भाग आहे. सल्लागार समितीचे प्रत्येक मत योग्यच असेल असे नाही. स्थानिक कलावंतही कंपूशाही करतात. पण त्यावर उपाय चर्चा हाच, आणि चर्चेसाठी त्या सभागृहाहून योग्य स्थळ कोणते?

या तीन उदाहरणांतून एक निष्कर्ष निघतो. कलावंताचे ऋण परिसराच्या व्यवस्थापकांकडे देय नसते. ते परिसराच्या मोकळेपणाकडे देय असते. व्यवस्थापक हे त्या मोकळेपणाचे विश्वस्त. विश्वस्त आणि धनको यांत गल्लत झाली, की कृतज्ञतेचे रूपांतर मिंधेपणात होते, आणि निमंत्रण स्वीकारणे म्हणजे मौन स्वीकारणे असे समीकरण रूढ होते. म्हणूनच काही प्रसंगी आक्षेप घेणे हीच ऋणाची फेड ठरते. उलट, ज्याने परिसरासाठी कधी काही केले नाही, ज्याला तेथल्या दालनाच्या किल्ल्या कोणाकडे असतात हेही ठाऊक नाही, त्याचा आक्षेप बहुधा स्वस्त असतो. त्यासाठी त्याला काही गमवावे लागत नाही.

बांधिलकी की स्वायत्तता, हा वाद या प्रकाशात थोडा वेगळा दिसू लागतो. कलाकृती स्वायत्त असते असे मानले, तरी ती दिसण्यासाठी जी जागा लागते ती आपोआप स्वायत्त नसते. ती तशी राखावी लागते. हे राखणे हे कलेतरांचे काम समजून कलावंताने अंग काढून घेतले, तर ते काम कलेतरच करतील, आणि मग भिंतींवर काय असावे हेही तेच ठरवतील.