खाण्यापुरती

भाऊबीज होऊन दोन-तीन दिवस गेले की आमच्या घरी एक वाक्य ठरलेलं असायचं. "गोड खाऊन तोंडाला मिठी बसली, आता भाकर टाक." आजी म्हणायची आणि आई लगेच ज्वारीच्या पिठाच्या डब्याकडे वळायची. भाकर, करडईच्या कोवळ्या पाल्याची भाजी, जवसाची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. कुणी काही सोडलेलं नसायचं, कुणी संकल्प केलेला नसायचा. फराळाचे डबे तळाला गेलेले असायचे, एवढंच.

आता दिवाळी सरली की हिंगोलीतसुद्धा मोबाइलवर शरीरशुद्धीचे उपदेश सुरू होतात. तीन दिवस रसांवर राहा, सकाळी अमुक पाणी प्या, धान्य बंद करा. यकृत आणि मूत्रपिंडं हे शुद्धीचं काम बारा महिने न सांगता करतात, त्यांना दिवाळीनंतर खास मुकादम लागत नाही. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. आधी चंगळ आणि मग शिक्षा अशा हिशेबात सण गुन्हेगार ठरतो आणि एरवीचे दिवस निर्दोष सुटतात.

न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. अमेरिकेतल्या १९५ प्रौढांचं वजन तिथल्या सणांच्या आधी, दरम्यान आणि नंतर मोजलं होतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सरासरी वाढ निघाली जेमतेम ३७० ग्रॅम. लोक स्वतःबद्दल जे धरून चालतात त्याहून बरीच कमी. मात्र ही वाढ नंतरच्या महिन्यांत उतरलेली दिसली नाही. माणसं दोन महिने थोडं जास्त खातात, यात विशेष काही नाही. सण संपल्यावर ती माघारी फिरत नाहीत, तिथं खरी अडचण आहे. आणि माघारी फिरायचं तर ज्या साध्या जेवणाकडे जायचं ते जागेवर असायला हवं.

आमच्याकडे ते होतं, कारण ते शेतात उभं होतं. रब्बीच्या ज्वारीच्या कडेनं करडईची तासं असत. करडईला काटे, त्यामुळे जनावर आत शिरत नसे. कोवळी असताना तिचा पाला भाजीला, पुढे बोंडं वाळली की बी घाण्यावर. मधूनमधून हरभरा, त्याचे शेंडे खुडायचे. खुडले की झाड पसरतं आणि घाटेही जास्त लागतात, म्हणजे भाजी खाल्ल्यानं पिकाचं नुकसान नाही. भाकर, तेल, पालेभाजी आणि डाळ एकाच वावरात. दिवाळीनंतर थंडी पडायला लागली की हा पाला नेमका खुडायला येई. पुढे चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याचं भरीत-रोडगं, चातुर्मासात वर्ज्य असलेल्या वांग्याकांद्याची सुटका, मग तुरीचे सोले, मग भोगीची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली भाकर. संतुलित आहार हा शब्द कुणाला माहीत नव्हता. पंचांग आणि वावर मिळून ते काम उरकत.

आज ऑक्टोबरात हिंगोली, सेनगाव, कळमनुरी कुठंही जा, सोयाबीनच्या काढणीची धूळ उडत असते. ते पेरणाऱ्याला दोष कसा द्यायचा? शंभरेक दिवसांत पीक हातात, मळणी यंत्रावर, रोख पैसा नेमका दसरा-दिवाळीच्या तोंडावर. खरिपाची ज्वारी कणसात दाणा भरताना पावसात सापडली की काळी पडायची. संकरित ज्वारीची ती काळपट, कडवट भाकर ज्यांनी खाल्ली त्यांना तिची आठवण नको वाटते. रब्बीची ज्वारी हातानं उपटावी लागते, मजूर मिळत नाही, आणि गोठ्यात बैलच नाहीत तर कडबा कुणासाठी? सगळी कारणं खरी आहेत.

त्यातून एक अजब फेरा तयार झाला. शेतकरी सोयाबीन मोंढ्यावर घालतो. क्विंटलभर बियांतून अठरा किलोच्या आसपास तेल निघतं, ते कुठल्यातरी कारखान्यातून पिशवीत बंद होऊन गावातल्या दुकानात येतं, आणि मोंढ्यावर मिळालेल्या पैशांतून तोच शेतकरी ते विकत घेऊन शेव तळतो. पिशवी दिवाळीत येते आणि दिवाळीनंतर जात नाही. पूर्वी तळण हे सणाचं होतं, कारण घाण्यावरचं तेल मोजकं असे. आता साध्या बुधवारी सकाळी भजी, दुपारी चहाबरोबर खारी, संध्याकाळी पोरांना दहा रुपयांचं पाकीट. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सुचवलं की वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, पाच टक्क्यांच्या आत आली तर आणखी बरं. पाच टक्के म्हणजे दिवसाला साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. आपल्याकडचे गोडमिट्ट चार कप चहा घेतले की हा कोटा करंजीचं तोंड न बघताच संपला.

आमच्या जिल्ह्याची ओळख हळदीची. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. अभिमान आहेच, पण तीही विकायचीच, ताटात ती चिमूटभर लागते.

भाकरीचं कौतुक करताना सांभाळून बोललं पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते पाहिले तर ज्वारीत शंभर ग्रॅममागे सुमारे दहा ग्रॅम तंतू, आणि कोंडा न काढलेल्या गव्हाच्या पिठात त्याहून किंचित जास्तच. मैद्यात मात्र तीनच्याही आत. तेव्हा घरच्या पोळीला खलनायक करण्यात अर्थ नाही. २०२५ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीनं तर आणखी नेमकं बोट ठेवलं: भारतीयांच्या उष्मांकांतला ६२ टक्के वाटा कर्बोदकांचा आहे, आणि मैदा-तांदळाच्या जागी नुसती भरड धान्यं आणून मधुमेहाची जोखीम कमी झालेली दिसत नाही. एकूण धान्य कमी होऊन डाळी, दूध अशा प्रथिनांची भर पडली, तर फरक दिसतो. माझ्या मते भाकरीचं मोठेपण तिच्या सोबतीत आहे. ती कोरडी खाता येत नाही. तिला वरण लागतं, पिठलं लागतं, पाला लागतो, ताक लागतं. ते सगळं आपल्यामागे ओढून आणते म्हणून ती कामाची. भाकरीच्या नावाखाली चार भाकरी आणि ठेचा एवढंच खाल्लं, तर तेही असंतुलितच.

आणखी दोन गोष्टी. १९७२ च्या दुष्काळात रेशनची लाल मिलो ज्वारी खाल्लेली माणसं अजून गावोगाव आहेत. त्यांच्या लेखी भाकर म्हणजे नाइलाज आणि गव्हाची पोळी म्हणजे पाहुणा आल्याची खूण. पोळी रोज परवडू लागली हे त्यांनी कमावलेलं आहे. त्यांना 'भरड धान्याकडे वळा' असं वरून सांगणं उद्धटपणाचं होईल. ज्याला जमीन नाही त्याला तर अन्न सुरक्षा कायद्यात माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून मोफत. त्यात मुख्यतः गहू आणि तांदूळ. तेच २०२३ साल भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, हा योगायोग मला कधीच विनोदी वाटला नाही. दुसरी गोष्ट, भाकरीकडे परत चला म्हणणारे बहुतेक पुरुष असतात. थापताना तव्यापुढे उभं राहणारी कोण, हे लेखात येत नाही. माझ्याही घरी मी लिहितोय आणि भाकर दुसरंच कुणीतरी टाकतंय, हे नोंदवून ठेवतो.

तरीही गावात एक शब्द टिकून आहे: खाण्यापुरती. "सगळं सोयाबीन, पण वीस गुंठे ज्वारी ठेवली खाण्यापुरती." हा शब्द मला कुठल्याही आहारशास्त्रापेक्षा जास्त आशेचा वाटतो, कारण त्यात विकायचं आणि खायचं यातली सीमा आखलेली आहे. शेजारच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ही ज्वारीची जात आणली. बियाणं नाही अशी स्थिती नाही.

अडचण पाखरांची आहे. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं मागच्या रब्बीत वीस गुंठे पेरली. आजूबाजूला सगळा हरभरा, त्यामुळे शिवारातली सगळी पाखरं त्याच्या एकट्याच्या कणसांवर उतरली. पूर्वी गावभर ज्वारी असायची तेव्हा त्यांचा घास सगळ्यांत वाटला जायचा. गोफण घेऊन मचाणावर बसायला आता पोरं नाहीत, ती शाळेत असतात, आणि तिथंच असावीत. त्याच्या हाती आलं ते दीड पोतं. पुढच्या खेपेला बांधाला बांध असलेल्या आणखी तिघांना तो विचारतोय, आपण चौघं मिळून पेरू का म्हणून. दोघं हो म्हणालेत. तिसऱ्याचं म्हणणं, आधी सोयाबीनचा भाव बघू.