वही भरली, पण मन भरलं का?

॥ श्री गुरवे नमः ॥



आजचा विषय पोथीतला नाही, घरातला आहे. पण फिरून तो पोथीपाशीच येतो, म्हणून लिहितोय.

आमची थोरली निपाणीत मराठी माध्यमातून एसएसएलसी झाली. आता पीयूसी पहिलं वर्ष, सायन्स. सगळं एकदम इंग्रजीत. पोरगी कष्टाळू आहे. रोज रात्री अकरापर्यंत लिहीत बसायची. तीन महिन्यांत सहा वह्या भरल्या. आलेल्या पाहुण्यांना आम्ही कौतुकानं दाखवायचो. आणि पहिल्याच चाचणीत फिजिक्समध्ये नापास!

मी रागावलो. ती म्हणाली, "पप्पा, लिहिलंय सगळं. काय लिहिलंय ते मात्र मला कळलेलं नाही."

मी आणखी बोलणार, तेवढ्यात तिनं विचारलं, "तुम्ही नामजपाची वही लिहिताना टीव्हीवरच्या बातम्या ऐकता. तेव्हा नाम कोण घेतं, तुम्ही की तुमचा हात?"

खरं सांगतो, माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही. पोरीला उलट बोलली म्हणून गप्प करणं सोपं होतं. पण ती खरं बोलली होती.

आपल्याकडं श्रवण, मनन, निदिध्यास अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. प्रवचनाला बसलो की श्रवण झालं. पण मनन झालं की नाही, हे कळायचं कसं? डोकं हलवलं, डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे समजलं असं नव्हे. पुस्तकातलं वाक्य वहीत उतरवणं हेही एका अर्थी श्रवणच आहे. कानाऐवजी हातानं केलेलं. मनन सुरू होतं ते पुस्तक मिटल्यावर, आपल्या शब्दांत सांगायला लागल्यावर.

म्हणून आम्ही एक गोष्ट बदलली. रोज चार पानांऐवजी एकच पान. आधी धडा नीट वाचायचा, मग पुस्तक मिटायचं आणि जे समजलं ते आपल्या मराठीत लिहायचं, शेजारच्या काकूंना सांगितल्यासारखं. पेन जिथं अडेल तिथं लाल गोल करायचा. मग पुस्तक उघडून तेवढंच बघायचं. शेवटी तेच इंग्रजीत, कारण पेपर इंग्रजीत असतो.

पहिल्याच आठवड्यात गंमत झाली. न्यूटनचा तिसरा नियम तिनं आधी दहा वेळा उतरवला होता: क्रियेला तेवढीच, उलट दिशेची प्रतिक्रिया. आता आपल्या शब्दांत लिहिताना तिनं बैलगाडीचं उदाहरण घेतलं. बैल गाडीला जेवढा ओढतो, तेवढंच गाडी बैलाला मागं ओढते. आणि पेन थांबलं. मग गाडी हलते कशी?

दहा वेळा उतरवताना हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. आम्हा दोघांनाही उत्तर येईना. दुसऱ्या दिवशी तिनं सरांना विचारलं आणि रात्री स्वतः लिहिलं: हे दोन जोर एकाच वस्तूवर नसतात, म्हणून ते एकमेकांना खोडत नाहीत. बैल खुरांनी जमीन मागं रेटतो, जमीन त्याला पुढं रेटते. बैलाची ओढ गाडीला होणाऱ्या अडथळ्यापेक्षा जास्त झाली की गाडी चालू लागते. ते पान मी जपून ठेवलंय.

हा नुसता आमच्या घरचा अनुभव नाही. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोन संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग छापला. विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला; दुसरा मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवत होता. आठवड्यानंतर मात्र लिहून काढलेल्या उताऱ्यातलं सुमारे ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचलेल्यातलं सुमारे ४२ टक्के. म्हणजे वाचल्यावर लगेच वाटणारं 'आलं की मला' हे बऱ्याचदा फसवं असतं.

आपल्या समर्थांनी तर दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा एक समास घातला, एकोणिसाव्या दशकातला पहिलाच. आपल्याच भागात, जमखंडीला १८८६ साली जन्मलेले गुरुदेव रा. द. रानडे नामसाधक होते आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापकही. उपनिषदं नुसती म्हणून ते थांबले नाहीत. त्यांतला विचार तपासून, मांडणी करून त्यांनी ग्रंथ लिहिला, तो १९२६ साली निघाला. भक्ती आणि अभ्यास यांचं भांडण त्यांच्याकडं दिसत नाही.

कुणी म्हणेल, मग उतरवून काढणं वाईट का? तसं नव्हे. अक्षर वळतं, मन स्थिर होतं, पाठांतर होतं. सूत्रं, पाढे, स्तोत्रं पाठच हवीत. नामाची वही तर लिहावीच. पण उतरवलं म्हणजे समजलं, असं मानणं ही स्वतःशी केलेली लबाडी आहे. आजकाल मोबाईल एका क्षणात उत्तर देतो, पोरं ते वहीत उतरवतात, आणि आपण 'अभ्यास झाला का' विचारून मोकळे होतो. कोरं पान मात्र फसत नाही. मला काय येत नाही, ते पान मुकाट्यानं दाखवतं. ते बघायला धीर लागतो, आणि थोडा अहंकार सोडावा लागतो. माझ्या मते ही साधनाच आहे.

पुढच्या चाचणीत थोरली पास झाली. गुण फार नाहीत. पण आता ती 'लिहिलं' असं सांगत नाही. 'एवढं कळलं, एवढं राहिलं' असं सांगते.

आणि मी? टीव्ही बंद करून लिहितो. जप निम्म्यावर आलाय, पण जेवढा होतो तेवढा माझा असतो.

एक विनंती. या गुरुवारी आरतीनंतर घरातल्या सगळ्यांनी दहा मिनिटं बसावं. मुलांनी आजचा धडा, मोठ्यांनी मागचं प्रवचन, पुस्तक मिटून आपल्या शब्दांत लिहावं. अक्षराला नावं ठेवू नका. ग्रुपवर फोटो टाकू नका. फक्त लाल गोल कुठं पडला, ते एकमेकांना सांगा. सुरुवात आई-वडिलांनी करावी.

॥ श्रीगुरुचरणी समर्पण ॥ 🙏