दाखला आणि साक्ष

गोदाकाठच्या एका खेडेगावातील उपदेशक बंधूंनी आम्हांस एक प्रश्न घातला आहे. त्यांच्या मंडळीतील एक कुटुंब दोन पिढ्या प्रभूच्या नावाने चालत आहे. मुलीचा बाप्तिस्मा झालेला आहे, आणि ती बारावीची परीक्षा चांगल्या गुणांनी उतरली असून तिला परिचारिकेचे शिक्षण घ्यावयाचे आहे. शाळेच्या दाखल्यावर मात्र "हिंदू मांग" अशीच नोंद आहे. ती तशीच राहू दिली तर शिष्यवृत्ती व वसतिगृह मिळेल. खरे सांगितले तर बापाच्या मजुरीवर एवढा खर्च भागणार नाही. बाप विचारतो, "पाळकसाहेब, देव कागद वाचतो की अंतःकरण?" उपदेशकाने काय उत्तर द्यावे?

वाचकहो, हा प्रश्न एका घरचा नाही. राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशान्वये अनुसूचित जातींचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता, व काही जातींच्या बाबतीत शिखांस, मिळाला. 1956 साली तो सर्व शिखांपर्यंत व 1990 साली बौद्धांपर्यंत नेण्यात आला. ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. बाप्तिस्म्याच्या पाण्याने गावकुसाबाहेरचे घर आत येत नाही, हे आपण सर्व जाणतो. तरी कायद्याने ते तसे मानले आहे. आमच्या मते हा अन्याय होय. परंतु अन्याय कायद्याचा असला म्हणून आपल्या तोंडचे असत्य सत्य होते काय?

ह्या ठिकाणी आम्हांस जालन्याची आठवण होते. जालना 1981 पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यातच होते. तेथे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात काम केले. ते ब्राह्मण कुळातील, मुंबईस मिशनच्या शाळेत शिकलेले, व 1843 साली बाप्तिस्मा घेतलेले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यासही तीच ओढ होती. त्याचा वाद न्यायालयापर्यंत गेला, आणि तो मुलगा आईबापांकडे परत गेला. म्हणजे उघड कबुलीची किंमत काय पडते हे शेषाद्रींनी आपल्याच घरात पाहिले होते.

जालन्यास मांग समाजातील पुष्कळ लोक त्यांच्या उपदेशाने प्रभूकडे वळले. आता मांगाची स्थिती ध्यानात आणा. दोर वळावे, केरसुण्या कराव्या, देवाच्या पालखीपुढे वाजवावे, आणि सुगीच्या वेळी खळ्यावर बलुते मागावे. ख्रिस्ती झालेल्या मनुष्याने पालखीपुढे वाजविण्यास नकार दिला की खळ्यावरचे धान्य बंद. असल्या मनुष्यास "विश्वास ठेव, देव पुरवील" एवढेच सांगून आपण घरी जेवावयास जाणे फार सोपे आहे. शेषाद्रींनी तसे केले नाही. त्यांनी निजाम सरकारकडे, दिवाण सर सालारजंग यांच्या कारकीर्दीत, जमीन मागितली, ती मिळविली, आणि जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. हाच मनुष्य 1873 साली न्यूयॉर्कच्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेस हजर होता. परिषदेत भाषण करणे आणि सरकारी कचेरीत जमिनीकरिता खेटे घालणे ही दोन्ही कामे त्याच्या लेखी एकाच धन्याची होती. एकीकडे ख्रिस्ती वसाहतींनी माणसे मिशनच्या आश्रयास चिकटून राहतात, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु ज्याला कबूल करावयास सांगितले त्याच्या भाकरीचा विचार सांगणाऱ्यानेच केला पाहिजे, ही गोष्ट बेथेलच्या मातीत लिहिलेली आहे.

कोणी म्हणेल, नामान सेनापतीस अलीशाने मोकळीक दिलीच ना? धन्याबरोबर रिम्मोनाच्या देवळात वाकावे लागेल, त्याची क्षमा असावी, असे त्याने मागितले व संदेष्ट्याने त्यास शांतीने पाठविले. हा दाखला आम्ही टाळीत नाही. दुबळ्यावर तुटून पडणाऱ्यांनी तर तो रोज वाचावा. तथापि नामानाने आपली अडचण संदेष्ट्यापुढे उघड मांडली होती, आणि आपण आता कोणाची उपासना करणार हेही स्पष्ट सांगितले होते. दाखल्याच्या बाबतीत उलट घडते: मंडळीत एक नाव, कचेरीत दुसरे, आणि मुलीस लहानपणापासून हे शिकवावे लागते की कोणी विचारल्यास रविवारी आपण कोठे जातो ते बोलू नये. पुदुच्चेरीच्या एका बाप्तिस्मा झालेल्या बाईने नोकरीकरिता हिंदू असल्याचा दाखला मागितला, तेव्हा 26 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला, आणि केवळ आरक्षणासाठी असे सांगणे ही राज्यघटनेशी प्रतारणा होय असे म्हटले. तेव्हा ही वाट निव्वळ व्यवहाराच्या दृष्टीनेही सुरक्षित राहिलेली नाही. नोकरी लागल्यावर वीस वर्षांनी दाखल्याची चौकशी निघाली तर त्या मुलीचे काय होईल?

म्हणून उपदेशक बंधूंस आम्ही असे कळवितो. त्या बापाच्या प्रश्नाचे उत्तर "दोन्ही वाचतो" हे आहे. पण ते उत्तर रिकाम्या हाताने देऊ नये. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांस महाराष्ट्रात इतर मागास वर्गाच्या सवलती मागता येतात. त्या तितक्या नाहीत, तरी तो खरा कागद आहे. तो मिळविण्यास तहसील कचेरीत त्या बापाबरोबर स्वतः जावे, कारण तेथे एकट्या मजुरास कोण उभे करतो? फीची जी तूट राहील ती पंचमंडळीपुढे मांडावी. मंदिराच्या नव्या पत्र्यांकरिता जमविलेले पैसे पेटीत आहेत असे आपण पत्रात लिहिले आहे. पत्रे एक पावसाळा थांबू शकतील असे आम्हांस वाटते. गळती कोठे आहे ते पाहून तेथे ताडपत्री घालावी.

मंडळीने नकार दिला तर मात्र त्या बापास दोष देण्याचा अधिकार मंडळीस उरणार नाही. आम्हांसही उरणार नाही. आम्ही शहरात राहतो, आणि आमच्या मुलांच्या दाखल्याने आमची झोप कधी मोडली नाही. म्हणून पहिल्या सहामाहीच्या फीकरिता अल्पशी रक्कम ह्या पत्राबरोबर पाठविली आहे. मुलीचा प्रवेश झाल्याचे वर्तमान कळवावे.